फोन कुणाचा, ते आधी विचारा

केसपेपर काढताना खिडकीतला माणूस मोबाईल नंबर विचारतो. पुढच्याने दहा आकडे सांगितले की दोघंही मोकळे. तो नंबर कुणाचा, फोन दिवसभर कुणाच्या खिशात असतो, त्यावर आलेलं कुणाला वाचता येतं, हे कुणी विचारत नाही. कागदावर त्याला जागाही नाही. पुढे त्याच नंबरवर तपासणीची तारीख जाते, लसीचा निरोप जातो, गोळ्या संपल्याची आठवण जाते. माणूस आला नाही की रजिस्टरात शेरा पडतो: 'कळवूनही हजर नाहीत.'

हा शेरा माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. माझी सगळी नोकरी धाराशिव जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून झाली, बरीचशी कळंब आणि भूम तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर. निवृत्तीनंतर रक्तदाब जडला आणि मी खिडकीच्या अलीकडे आले. आता मलाही आठवणीचे मेसेज येतात. ते पाठवणाऱ्याच्या सोयीने येतात. आपल्याला ते कसे हवेत, कुणाकडून हवेत, कधी हवेत, हे मला किंवा रांगेतल्या दुसऱ्या कुणाला विचारल्याचं मी पाहिलेलं नाही. ते विचारावं, लिहून ठेवावं आणि लिहिल्याप्रमाणे करावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

आधी फोनचं बघू. २०१९ ते २०२१ या काळातल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के भारतीय बायकांनी आपल्याकडे स्वतः वापरायचा मोबाईल आहे असं सांगितलं. त्यांतल्याही ७१ टक्के जणींनाच मेसेज वाचता येत होता. गुणाकार केला तर शंभरातल्या चाळीस बायकाही भरत नाहीत. त्यानंतर फोन वाढले असतील, घरोघरी दिसतातच. पण गरोदर सुनेच्या कार्डावरचा नंबर अजूनही बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो आणि नवरा चाकणला कंपनीत असतो. त्याला दुपारी मेसेज येतो, तो शिफ्ट संपल्यावर बघतो, रात्री घरी फोन करतो तेव्हा सून झोपलेली असते. सकाळी निरोप पोचतो तोवर एसटी गेलेली असते. काही कार्डांवर दिराचा नंबर, काहींवर शेजारच्या किराणा दुकानाचा. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी रिचार्ज महाग केले, तेव्हा अनेक घरांनी दुसरं सिम सोडून दिलं. रिचार्ज संपला की काही दिवसांनी इनकमिंगही बंद होतं. दवाखान्याच्या संगणकात मात्र तोच नंबर राहतो आणि संगणक त्यावर मेसेज 'पाठवला' अशी नोंद करत राहतो.

आमच्या जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका म्हाताऱ्या पेशंटला मी विचारलं होतं, दवाखान्याचा मेसेज येतो का. ते म्हणाले, "येतो की. टुंग वाजतं. पुढं काय ते नातू आल्यावर." नातू शनिवारी यायचा.

बरं, जो मेसेज येतो तो इंग्रजीत. 'डिअर पेशंट, युवर अपॉइंटमेंट' असं सुरू होऊन त्यात दवाखान्याचं लांबलचक नाव, एक लिंक आणि शेवटी आभार. मराठीत का नाही, याचं तांत्रिक कारण मला भाच्याने सांगितलं. तो पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. साध्या एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरं बसतात, देवनागरीची ७०. त्यापुढे गेलं की एकाचे दोन मेसेज धरतात आणि पैसेही दोनाचे लागतात. हिशेब खरा आहे. म्हणून मी वहीवर मोजून पाहिलं. 'उद्या सकाळी ९ वाजता रक्तदाब तपासणीसाठी दवाखान्यात यावे' हे वाक्य काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरातला हलन्त आणि मधल्या रिकाम्या जागा सगळं धरून ५४ भरतं. सत्तरात आरामात बसलं. 'डिअर' आणि आभार तेवढे सोडावे लागतील. धाराशिवकरांना त्याचं वाईट वाटणार नाही.

मेसेजचा उपयोग होत नाही असं मी म्हणणार नाही, कारण ते खोटं ठरेल. कॉक्रेन ही वैद्यकीय पुरावे तपासणारी जगभर मानली जाणारी संस्था आहे. तिने २०१३ मध्ये आठ चाचण्या एकत्र करून पाहिल्या. काहीच आठवण न दिलेल्यांपैकी ६७.८ टक्के लोक ठरल्या वेळी आले, मोबाईल मेसेज मिळालेल्यांपैकी ७८.६ टक्के आणि फोन करून सांगितलेल्यांपैकी ८०.३ टक्के. मेसेज आणि फोन यांच्यात फारसा फरक नाही, मेसेज स्वस्त, म्हणून सगळ्या व्यवस्था मेसेजकडे वळल्या. पण ही सरासरी आहे. ज्याचा फोन स्वतःचा आहे आणि ज्याला अक्षर लागतं त्याला मेसेज पुरेल. माझ्या भाच्याला पुरतोच, त्याला उलट कुणी फोन केला तर राग येतो. वाशीच्या आजोबांना माणसाचा आवाज लागतो. दोघांना एकाच मापाने मोजायचं कशाला? विचारलं की दोघंही सांगतात.

बोलावणं कसं करावं याचा एक मोठा दाखला आपल्याच जिल्ह्यात आहे, आणि तो मोबाईल गावोगाव पोचण्याच्या आधीचा आहे. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास सुरू झाला. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधल्या लियाँची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तो केला. गावांचे ५२ गट पाडले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका त्यात होत्या. काही गटांत एचपीव्ही या विषाणूची चाचणी, काहींत पॅप चाचणी, काहींत ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघणं, आणि उरलेल्या गटांत नेहमीचीच व्यवस्था. निकाल २००९ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले: त्या गटांत ३४, नेहमीच्या व्यवस्थेच्या गटांत ६४. हे आकडे जगभरच्या आरोग्य धोरणांत उद्धृत होतात. इथे उस्मानाबाद हे नाव निघालं की लोकांना शेळी, दुष्काळ आणि तुळजाभवानी आठवते.

मला त्यातला दुसराच आकडा महत्त्वाचा वाटतो. ज्यांना बोलावलं त्यांच्यातल्या दहापैकी सुमारे आठ बायका तपासणीला आल्या. कशाची तपासणी, ते लक्षात घ्या. ज्या जागेचं नाव बाई नवऱ्यापुढेही घेत नाही, तिथली. कुठलंही दुखणं नसताना, शेतातली कामं टाकून. त्या बायकांच्या हाती फोन नव्हता. कार्यकर्त्या घरोघरी गेल्या, ओट्यावर बसल्या, सासूशी बोलल्या, सुनेशी वेगळं बोलल्या, काय करणार आहेत ते सांगितलं, आणि तपासणी गावांच्या जवळ नेली. मीही नोकरीत हेच शिकले: सासूला आधी पटवायचं आणि मग सुनेची तारीख सुनेलाच सांगायची.

या अभ्यासावर पुढे टीकाही झाली, ती इथे लपवू नये. नेहमीच्या व्यवस्थेच्या गटांतल्या ३१,४८८ बायकांची तपासणीच झाली नाही. हे नैतिक होतं का, असा प्रश्न अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी विचारला आणि तो रास्त होता. मला त्या ६४ आणि ३४ यांच्यामधल्या तीस बायका दिसतात. ज्या गावांत बोलावणं गेलं नाही त्या गावांतल्या.

आता जिथे आठवण देणंच धोक्याचं असतं, त्या पेशंटचं पाहू. कॉपर-टी बसवलेली सून मला सांगायची, "सिस्टर, सासूबाईंच्या फोनवर लावू नका." क्षयाच्या गोळ्या घेणारा तरुण सांगायचा, लग्नाचं बघतायत, दवाखान्यातून बोलतोय असं म्हणू नका. एचआयव्हीच्या पेशंटांतले काही जण आपला जिल्हा सोडून सोलापूरला किंवा लातूरला गोळ्या आणायला जातात, ते ओळखीचं कुणी भेटू नये म्हणूनच. अशा माणसाच्या घरातल्या सामायिक फोनवर स्क्रीनवर झळकणारा मेसेज म्हणजे दवंडीच. आम्ही नुसतं सांगायचो, "बाईंनी बोलावलंय म्हणून सांगा." कशाला, ते पेशंटला कळायचं, घराला कळायचं नाही. यंत्राला हे शिकवता येत नाही असंही नाही. मेसेजमध्ये आजाराचं आणि विभागाचं नाव न घालणं हा काही अवघड प्रोग्रॅम नव्हे. २०२३ साली वैयक्तिक डेटाच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यानंतर फॉर्मवर बारीक अक्षरांत संमतीची ओळ आली, तिथे अंगठा घेतात. कशाला संमती, हे अंगठा देणाऱ्याला मराठीत सांगत नाहीत.

वेळेचंही तसंच. यंत्राचा फोन सकाळी अकराला येतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत सकाळी अकराला बाई रानात असते आणि फोन घरी चार्जिंगला. बालाघाटाच्या कडेच्या काही वाड्यांवर रेंज मिळवायला देवळाच्या पायरीवर जावं लागतं. शेतीची वीज रात्रीची असली की पाणी देणारा माणूस सकाळी झोपलेला असतो. रात्री आठ ही आमच्याकडे बोलण्याची वेळ आहे, जेवण झालेलं असतं, मालिका सुरू असली तरी. हे जमू शकतं याचा पुरावा मुंबईतच आहे. 'आरमान' या संस्थेने गरोदर बायकांसाठी 'एममित्र' ही आवाजी संदेशांची सेवा चालवली. तिच्यात फोन कोणत्या वेळी आणि कोणत्या भाषेत हवा हे बाईलाच विचारून ठरवायचे. केंद्र सरकारची 'किलकारी' ही तशीच आवाजी सेवा फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आली. गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांपासून बाळ वर्षाचं होईपर्यंत दर आठवड्याला एक संदेश. लिहिलेलं वाचायला लावत नाही, बोलतं. ही मोठीच सुधारणा. पण फोन नवऱ्याच्या खिशात असला तर बाळंतपणाच्या सूचना चाकणला ऐकल्या जाणार.

आणि आठवण किती आधी द्यायची? आदल्या संध्याकाळी, असं सगळ्या व्यवस्था धरून चालतात. इथे दवाखान्याला जाणं म्हणजे एक रोज बुडवणं, सोबतीला माणूस शोधणं, शेळ्या कुणाकडे तरी सोडणं, हातात दोनशे रुपये असणं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सरकारी दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत झाले, मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे. दोन्हींचा उपयोग झाला, मी बघते. तरी सोबत आणि रोज यांचा हिशेब बसायला दोन-तीन दिवस लागतात. पुष्कळ जणी म्हणतात, बाजाराच्या दिवशीची तारीख द्या, तसंही येतोच. तारखेपेक्षा वार लक्षात राहतो. येरमाळ्याच्या परिसरात चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा असते. त्या आठवड्यातल्या तारखा देणाऱ्या संगणकाला पेशंट का आले नाहीत याचं कोडं सुटणार नाही.

ऊसतोडीचं तर वेगळंच आहे. दसरा-दिवाळीच्या सुमाराला भूम, वाशी, कळंब, परंड्यातून टोळ्या निघतात, कोल्हापूर-सांगलीकडे, कर्नाटकात. मार्च-एप्रिलपर्यंत अर्धी वस्ती रिकामी. पोटुशी बाई कोयत्यावर जाते, दीड महिन्याचं लेकरू घेऊन जाते. त्या लेकराला सहा, दहा आणि चौदा आठवड्यांचे डोस असतात, आणि आठवण येते इथल्या उपकेंद्रावरून, इथल्या तारखेची. तीनशे किलोमीटरवरच्या फडात ती ऐकून बाईने काय करायचं? एकीने मला बजावलं होतं, "मुकादमाच्या फोनवर तर मुळीच करू नका. दवाखाना म्हणलं की खाडा धरतो." उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत दिवस मोजले जातात. तिला हवी असलेली आठवण अशी असेल: तुम्ही आता ज्या कारखान्याच्या हद्दीत आहात, तिथलं जवळचं आरोग्य केंद्र अमुक गावात, लसीकरण अमुक वारी, कार्ड बरोबर न्या. कोणती टोळी कुठे गेली हे गावात सगळ्यांना ठाऊक असतं. निघण्याआधी कार्डावर तेवढी एक ओळ लिहिली तरी पुढचं कुणी तरी करू शकेल.

सगळ्यात जास्त ऐकलेली मागणी मात्र वेगळीच आहे, आणि आठवणीच्या कुठल्याच योजनेत ती मला दिसली नाही. लोक म्हणतात, आम्ही यायचं ते आम्ही बघतो. डॉक्टर नसले तर तेवढं कळवा. सोनोग्राफीला चाळीस किलोमीटरवरून आलेली, पाणी पिऊन ताटकळत बसलेली बाई. दुपारी कळतं, सोनोग्राफीवाले डॉक्टर आज येणार नाहीत. ज्या यंत्रणेकडे तिला काल बोलवायला तिचा नंबर होता, तिच्याकडे आज 'येऊ नका' सांगायला तोच नंबर का नव्हता? सरकारी काय, खासगी काय, हे दोन्हीकडे चालतं. खासगीत फरक इतकाच की कंपाउंडर ओळखीचा असला तर आधी फोन करून विचारता येतं. आणि उलटा निरोप? मला उद्या जमत नाही, परवा येऊ का, हे मेसेजला उत्तर देऊन सांगता येत नाही. पाठवणाऱ्याचा नंबर म्हणजे इंग्रजी अक्षरं असतात, त्यावर परत फोन लागत नाही. फसवणुकीच्या इतक्या गोष्टी ऐकल्यावर अनोळखी नंबर उचलायलाही लोक घाबरतात, आणि लिंक दाबायला मीच त्यांना मना करते.

क्षयाच्या उपचारात एक उलटा प्रयोग झालेला आहे. '९९ डॉट्स' या पद्धतीत गोळ्यांच्या पाकिटावर, गोळी काढल्याशिवाय दिसणार नाही असा नंबर छापलेला असे. पेशंट त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, पैसे लागायचे नाहीत, आणि गोळी घेतल्याची नोंद व्हायची. ज्याने हे शोधलं त्याने मिस्ड कॉल ही आपल्या लोकांची भाषा ओळखली होती. 'येतो'ला एक मिस्ड कॉल, 'जमत नाही'ला दोन, इतकं साधं काही तपासणीच्या तारखांना का नसावं?

खिडकीवर रांग असते, एवढं विचारायला वेळ कुणाला, असं मला लगेच ऐकवलं जाईल. रोज विचारायचं नाहीच. एकदा, रक्तदाब मोजायच्या टेबलावर किंवा गरोदरपणाची पहिली नोंद करताना, पट्टा हाताला असतानाच विचारता येतं: फोन कुणाचा, बोलून सांगू की लिहून, कधी, आणि कुणाला कळू द्यायचं नाही. उत्तर कार्डावर दोन शब्दांत लिहिता येतं. वर्षातून एकदा नंबर चालू आहे का ते बघायचं. २०१७ साली सुरू झालेल्या रक्तदाब नियंत्रणाच्या राष्ट्रीय उपक्रमात सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे आपल्या राज्यातले पहिले जिल्हे होते. तिथे महिन्याच्या तारखेला न आलेल्यांची यादी काढून त्यांना फोन करायची रीत बसवली. धाराशिव तर नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत २०१८ पासून आहे. दर महिन्याला जिल्ह्याचे आकडे वर पाठवले जातात. त्यांत 'किती मेसेज पाठवले' याऐवजी 'किती जणांपर्यंत पोचलो' असा रकाना मागितला गेला तर खालची सगळी साखळी आपोआप हलेल. नोकरीत असताना वरून जे मोजायला सांगत तेच आम्ही करत असू, हे मी अनुभवाने सांगते.

लोकांना विचारलंत तर उत्तर काय येईल, याचा मला बराच अंदाज आहे. तरुण म्हणतील व्हॉट्सॲप. पन्नाशीपुढचे बहुतेक म्हणतील, आशाताईला सांगा, ती घरी येते. "काकू, गोळ्या संपल्या का?" हे ती दारातून विचारते, आणि काकू येत नसतील तर का येत नाहीत हेही तिला ठाऊक असतं. म्हणजे कागदावर काही लिहा, काम शेवटी तिच्याकडेच जाणार. बाळाचं पहिल्या वर्षाचं लसीकरण पूर्ण झालं की तिला १०० रुपये मोबदला आहे. त्यासाठी ती किती वेळा उन्हातून जाते याचा त्यात हिशेब नाही. २०२३-२४ च्या हिवाळ्यात मोबदल्यासाठी राज्यातल्या आशा संपावर गेल्या होत्या. माझ्या ओळखीच्या आशाताई पेशंटांना स्वतःच्या रिचार्जवर फोन करतात, आणि तो संपला की नवऱ्याच्या. लोकांच्या आवडीची आठवण हवी असेल तर पहिला खर्च तिचा धरावा: दर महिन्याचा रिचार्ज आणि तारखेला न आलेल्या पेशंटच्या घरी केलेल्या प्रत्येक खेपेचे पैसे. ते कोणत्या लेखाशीर्षात बसवायचे हे जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.